एमसीएच्या दोन वर्षांत मोबाइल अ‍ॅप: सीईटीपासून प्ले स्टोअरपर्यंत

मोबाइल अ‍ॅप डेव्हलपमेंट शिकायचं ठरवून पदव्युत्तर प्रवेशाची शोधाशोध सुरू केली की पहिली अडचण येते ती नावाची. आपल्याकडे या नावाची स्वतंत्र पदवी सहसा नसते. विषय मिळतो तो एमसीए किंवा एमएससी संगणकशास्त्राच्या पोटात: एखादा पेपर, त्याची प्रात्यक्षिकं आणि शेवटच्या सत्रातला प्रकल्प. पेपर आणि प्रात्यक्षिकांतून तोंडओळख होते, खरं शिक्षण प्रकल्पात होतं. म्हणून दोन वर्षांचं वेळापत्रक प्रकल्पाच्या सादरीकरणाच्या तारखेपासून उलटं मोजत आखायला हवं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने मांडलं आहे.

आधी वाट ठरवा

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालं. एक वर्ष कमी झालं तरी विषय फारसे कमी झाले नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, जावा, गणित असं सगळं अंगावर येतं. नोकरी, पुढे पीएचडी किंवा नेट-सेट देऊन प्राध्यापकी असे सगळे रस्ते मोकळे ठेवायचे असतील तर एमसीए किंवा एमएससीच घ्या.

दुसरी वाट सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकांची. त्यात मोबाइल कम्प्युटिंगची पीजी-डीएमसी आहे आणि प्रगत संगणनाची, जास्त परिचित असलेली पीजी-डॅक आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. प्रत्येक विभागात ५० प्रश्न, वेळ एक तास, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे १. पीजी-डीएमसी प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक बॅचला असेलच असं धरू नका, पसंतीक्रम भरण्याआधी त्या बॅचची यादी पाहा. इथे दिवसभर वर्ग आणि लॅब असते, नोकरी सांभाळून हे जमत नाही. आणि ही पदविका आहे, पदव्युत्तर पदवी नाही. नेट-सेटच्या पात्रतेला ती चालत नाही. इंजिनिअरिंग झालेल्याला सहा महिन्यांत नोकरीला लागायचं असेल तर ती चांगली. बीसीए, बीएससी, बीकॉम झालेल्याने एमसीए करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सीईटी आणि कॅप फेरी

महाराष्ट्रात एमसीएचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेवर होतो. १०० प्रश्न, २०० गुण, ९० मिनिटं, उणे गुण नाहीत. गणित-संख्याशास्त्र ३०, तर्क ३०, इंग्रजी २०, संगणक २० अशी विभागणी असते. उणे गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रत्येक प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, त्यामुळे गणितात अडकून बसणाऱ्यांचे तर्काचे सोपे प्रश्न हातचे जातात. आधी तर्क आणि संगणक उरका.

पात्रतेला पदवीत किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर चांगलं. बीए किंवा बीकॉम झालेल्यांना प्रवेशानंतर ब्रिज कोर्स करावा लागतो. तो हलक्यात घेऊ नका, पुढचा जावाचा पेपर त्याच्यावरच उभा असतो.

प्रवेश हुकतो तो बऱ्याचदा गुणांमुळे नाही, कागदांमुळे. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, त्याचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा हातातलं प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवशी चालू आहे ना ते पाहा. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा गोठते, पुढच्या फेरीत चांगलं काही मिळेल ही आशा संपते. म्हणून ‘बघू मिळतंय का’ म्हणून एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

शुल्काबाबत एक गोष्ट घरी सगळ्यांना नीट सांगून ठेवा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. दोन्हीसाठी प्रवेश कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा लाभ गेला.

कॉलेज निवडताना इमारत पाहण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: शेवटच्या सत्रात पूर्ण वेळ इंटर्नशिपला सोडतात का, आणि मागच्या बॅचच्या प्रकल्पांपैकी किती अ‍ॅप आज प्ले स्टोअरवर दिसतात? दुसऱ्या प्रश्नाला तिथल्या तिथे नावं सांगणारा विभाग मिळाला तर तो सोडू नका.

लॅपटॉप, फोन आणि पहिला आठवडा

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी यापेक्षा कमी घेऊ नका. ८ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडतो, पण सोबत इम्युलेटर (लॅपटॉपवरचा आभासी फोन) आणि ब्राउझर चालू केले की मशीन गुदमरतं. जुना ८ जीबीचाच लॅपटॉप असेल तर इम्युलेटर विसरा आणि सरळ फोनवर काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. काही कंपन्यांच्या फोनवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हे बटण वेगळं चालू करावं लागतं. ते राहिलं की अ‍ॅप चढत नाही आणि चूक कोडमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

पहिला प्रोजेक्ट उघडताना ग्रेडल हे बांधणीचं साधन इंटरनेटवरून बरंच काही उतरवून घेतं. कॉलेजच्या वायफायवर प्रॉक्सी असेल तर हे मध्येच अडकतं आणि लाल अक्षरांत भलतीच चूक दिसते. पहिला सिंक घरच्या इंटरनेटवर किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर करा, नंतर त्रास होत नाही.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक नवख्याकडून होते. सर्व्हर स्वतःच्या लॅपटॉपवर चालू असतो, अ‍ॅपमध्ये पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहिलेला असतो आणि काहीच येत नाही. फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच. इम्युलेटरमधून लॅपटॉपला हाक मारायची तर पत्ता १०.०.२.२ असा लिहावा लागतो, खऱ्या फोनवर लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी किंवा एडीबी या लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनातलं ‘एडीबी रिव्हर्स’ वापरावं लागतं. पत्ता बरोबर असूनही अडलं तर एचटीटीपी तपासा: अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं.

पहिलं वर्ष: काय शिकायचं, काय ठेवायचं

कॉटलिन ही भाषा आणि अँड्रॉइड यांपासून सुरुवात करा. गुगलने २०१९ पासून कॉटलिनला अग्रक्रम दिला आहे आणि पडदे रचायला जेटपॅक कंपोज वापरलं जातं. फ्लटर दुसऱ्या वर्षी घ्या. त्यात एकाच कोडमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडचं अ‍ॅप होतं हे खरं, पण परवानग्या, पार्श्वभूमीत चालणारी कामं, नोटिफिकेशन यांत अडलं की शेवटी अँड्रॉइडचंच ज्ञान लागतं. आयफोनसाठी मॅक लागतो आणि अ‍ॅप स्टोअरवर टाकायला वर्षाला ९९ डॉलर. विद्यार्थ्याने ही वाट मॅक आधीपासून घरात असेल तरच धरावी.

पहिल्या सत्रात कॉटलिन, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि एका पडद्याची दोन-तीन अ‍ॅप एवढं पुरे. दुसऱ्या सत्रात फोनमधला रूम डेटाबेस, सर्व्हरशी बोलणारं रेट्रोफिट, लांबणारी कामं बाजूला चालवणाऱ्या कोरुटीन्स आणि पडद्याची माहिती धरून ठेवणारं व्ह्यूमॉडेल. इथे एक सवय लावून घ्या: डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू ठेवून अ‍ॅप वापरा. भरता भरता फोन आला, माणूस परत आला आणि फॉर्म कोरा झाला, हा दोष असा लगेच पकडला जातो. मात्र एवढ्यावर थांबू नका. फोन आडवा केल्यावर व्ह्यूमॉडेल टिकतं, पण सिस्टिमने पूर्ण प्रोसेसच मारली तर टिकत नाही, तिथे सेव्ह्डस्टेटहँडल लागतं. ते तपासायला अ‍ॅप मागे टाका, ‘एडीबी शेल एएम किल’ चालवा आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून परत उघडा. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.

प्रकल्पाचा विषय: खरा वापरणारा हवा

हॉटेल बुकिंग, चॅट अ‍ॅप, हजेरी अ‍ॅप हे विषय सोडून द्या. त्यांना वापरणारा कोणी नसतो, त्यामुळे चूक सांगणाराही नसतो. आसपास ज्यांचं काम आज वहीवर चालतं असे लोक शोधा. इथे उदाहरण म्हणून महिला बचत गटाचा हिशेब घेऊ, कारण त्यात अ‍ॅपचे बहुतेक कठीण प्रश्न एकत्र येतात.

गटात साधारण १० ते २० सदस्य असतात. महिन्याला ठरलेली बचत, अंतर्गत कर्ज, शेकड्याने व्याज, उशिराचा दंड आणि मासिक सभेचं इतिवृत्त. सचिव वही लिहितात. अ‍ॅप करण्याआधी ती वही त्यांच्या परवानगीने, पानन् पान वाचा आणि एका मासिक सभेला शेवटपर्यंत बसा. एखादीने हप्ता अर्धाच दिला, एखादीने जावेचा हप्ता भरला, एखादीने मागच्या महिन्याचं व्याज आणि चालू बचत एकदम दिली: या नोंदी वहीत कशा जातात ते पाहिल्याशिवाय डेटाबेसचे तक्ते आखू नका.

रचनेचे चार निर्णय सुरुवातीलाच घ्या.

रक्कम रुपयांऐवजी पैशांत, लाँग या पूर्णांक प्रकारात साठवा. डबल या दशांशाच्या प्रकारात साठवली तर दशांशाच्या चुका साचत जातात आणि वर्षाअखेरीला शिल्लक रुपया-दोन रुपयांनी चुकते. हिशेबाच्या अ‍ॅपवरचा विश्वास एका रुपयाने जातो.

नोंद कधी खोडू नका. चूक झाली तर उलटी नोंद टाका आणि मग बरोबर नोंद. सचिव वहीत हेच करतात.

नेटवर्क नाही असंच धरून चाला. नोंद आधी फोनमधल्या रूममध्ये जाते, मग जमेल तेव्हा वर्कमॅनेजर हा अँड्रॉइडचा मागे कामं चालवणारा भाग ती सर्व्हरवर पाठवतो. प्रत्येक नोंदीला क्रमांकाऐवजी यूयूआयडी, म्हणजे कुठेही पुन्हा न येणारी लांब ओळख, द्या. अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या फोनवर एकाच वेळी ‘नोंद क्रमांक ४१’ तयार झाली की एक नोंद दुसरीला गिळते. वर्कमॅनेजरचं ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांच्या आत लावता येत नाही, आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला तेही लांबवतात. म्हणून ‘आता पाठवा’ असं बटण द्याच.

गुगलची फायरबेस ही तयार सर्व्हरसेवा वापरत असाल तर डेटा कोणाला दिसावा या नियमांकडे लक्ष ठेवा. तिचा फायरस्टोअर डेटाबेस ‘टेस्ट मोड’मध्ये सुरू केला की तो ३० दिवस सगळ्यांना उघडा असतो आणि मग बंद होतो. बाह्य परीक्षकांसमोर अ‍ॅप अचानक रिकामं दिसतं त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. नियम पहिल्याच आठवड्यात लिहा: त्या गटाची सदस्य असेल तिलाच त्या गटाचा डेटा.

मराठीचं काम शेवटी ठेवू नका

सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये ठेवा, मराठीसाठी वेगळा फोल्डर करा. ओळीची उंची ठरावीक आकड्यात बांधली तर ‘र्की’, ‘ट्रॅ’ अशा अक्षरांच्या वेलांट्या, रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा खुला फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

दोन दोष असे आहेत की ते इंग्रजीत चाचणी करून कधीच सापडत नाहीत.

पहिला अंकांचा. फोनची भाषा मराठी असेल तर तारीख किंवा संख्या लोकेलनुसार, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार, घडवताना अँड्रॉइड देवनागरी अंक देतं. पडद्यावर ते हवेच आहेत. पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये किंवा सर्व्हरकडे गेला की घोळ होतो: काही तारखा देवनागरी अंकांत, काही इंग्रजी अंकांत, त्यामुळे क्रम बिघडतो, आणि सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट ‘५००’ ही संख्याच मानत नाही. नियम सोपा ठेवा. साठवायचं आणि पाठवायचं ते सगळं लोकेल डॉट रूट (कुठल्याही भाषेचं नसलेलं लोकेल) वापरून, दाखवायचं ते वापरणाऱ्याच्या लोकेलमध्ये. शक्य तिथे तारीख मजकूर म्हणून न साठवता मिलिसेकंदांत साठवा.

दुसरा शोधाचा. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते वेगळे शब्द आहेत. गोऱ्हेबाईंचं नाव यादीत समोर दिसतंय आणि शोधून सापडत नाही, असं होतं. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. नोंद साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दुसऱ्या तऱ्हेचा र पहिल्यात बदलून घ्या, मग एनएफसी चालवा. दहा ओळींचं काम आहे, आणि अहवालात लिहिण्याजोगंही.

प्ले स्टोअरचं कॅलेंडर

इथे सगळ्यात जास्त प्रकल्प अडकतात. प्ले कन्सोलच्या खात्याची फी २५ डॉलर, एकदाच. त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड आणि ओळखपत्राची पडताळणी लागते. त्यानंतरचा नियम विद्यार्थ्यांना फार उशिरा कळतो: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे फक्त निमंत्रितांपुरती चाचणी, करावी लागते. तिच्यात किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. पूर्वी हा आकडा २० होता. मग सर्वांसाठी खुलं करण्याच्या परवानगीचा अर्ज, त्याची तपासणी, नंतर अ‍ॅपची तपासणी. सादरीकरणाच्या किमान दोन महिने आधी खातं उघडा, तीन असतील तर उत्तम. १२ ऐवजी १८-२० जण घ्या, कारण मधूनच कोणी बाहेर पडलं आणि संख्या १२ च्या खाली गेली की सलगता तुटते. बचत गटाच्या सदस्याच ही चाचणी करणार असतील तर त्यांचे जीमेल पत्ते आधी गोळा करा. बऱ्याच जणींना तो आठवत नाही, कारण फोन मुलाने चालू करून दिलेला असतो.

अ‍ॅप एएबी या फाइल-स्वरूपात द्यायचं, जुनं एपीके स्वरूप चालत नाही. नवीन अ‍ॅपने ३१ ऑगस्ट २०२५ पासून अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५, लक्ष्य करावं लागतं. हा आकडा दर वर्षी वर सरकतो, म्हणून जुनं ट्युटोरियल पाहून बनवलेलं अ‍ॅप परत येतं. गोपनीयता धोरणाचं वेबपान, डेटा सेफ्टीचा फॉर्म आणि आर्थिक सुविधांची घोषणा भरावी लागते. आपलं अ‍ॅप फक्त हिशेब ठेवतं, कर्ज देत नाही, हे वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा. खातं उघडायची सोय असेल तर ते काढून टाकायची सोयही अ‍ॅपमध्ये आणि वेबवर द्यावी लागते. एसएमएस वाचून खर्च नोंदवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण ती परवानगी मोजक्याच प्रकारच्या अ‍ॅपना मिळते. त्यावर प्रकल्प उभा करू नका.

सहीची की-फाइल आणि एपीआय कीज गिटहबवर जाऊ देऊ नका. अपलोड की हरवली तर प्ले अ‍ॅप साइनिंगमध्ये ती बदलून मिळते, पण त्यातही दिवस जातात.

अहवाल आणि तोंडी परीक्षा

अहवालात ‘अ‍ॅप वेगवान आणि सोपं आहे’ असं वाक्य असेल तर पुढचा प्रश्न ‘कशावरून?’ हाच येतो. मोजून लिहा. अ‍ॅप थंड अवस्थेतून उघडायला किती वेळ लागतो ते ‘एडीबी शेल एएम स्टार्ट’च्या वेळ दाखवणाऱ्या पर्यायाने कळतं. स्वस्त फोनवर दहा वेळा मोजा आणि मध्यक द्या. गुगल क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्के आणि एएनआरचं (प्रतिसाद न देता अडकून राहण्याचं) ०.४७ टक्के यापुढे गेलं की अ‍ॅप खराब वर्तनाचं मानतं. आपला आकडा त्याच्याशेजारी ठेवा. सोपेपणासाठी एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली वापरा, तिची सरासरी ६८ धरली जाते. विधानं मराठीत तोंडी विचारा आणि उत्तर स्वतः नोंदवा. वापराची चाचणी घेताना फोन समोरच्या बाईंच्या हातात द्या, ‘सुनीताबाईंचा ३५० रुपयांचा हप्ता नोंदवा’ एवढंच सांगा आणि मग गप्प बसा. ‘तिथे दाबा’ म्हणालात की चाचणी संपली.

गटात प्रकल्प असेल तर प्रत्येकाचे कमिट (गिटमधल्या बदलांच्या नोंदी) त्याच्या नावावर जाऊ द्या. एकाच लॅपटॉपवरून सगळं चढवलं तर तोंडी परीक्षेत बाकीच्यांकडे दाखवायला काही राहत नाही.

अ‍ॅप गटाच्या हाती देताना हिशेब बाहेर काढायची सोय ठेवा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चं बीओएम, म्हणजे अक्षरांची पद्धत सांगणारी न दिसणारी खूण, लिहिलं की नावं नीट दिसतात. बँकेत आणि उमेद या राज्याच्या बचत गटांसाठीच्या अभियानाच्या बैठकीत हाच तक्ता मागतात, म्हणून त्याचे स्तंभ वहीतल्या स्तंभांच्याच क्रमाने ठेवा.